अक्षदा वळली त्या दिवशी

दुक्म, ओमान
९ फेब्रुवारी २०२५

ताई,

पाकिटावर नाव भावोजींचं घालणार आहे. माझं अक्षर तुला लांबूनच ओळखू येतं. भावोजी निदान फोडून तरी बघतील. हितेंद्र भावोजी, तुम्ही वाचत असाल तर वाचा, पण नंतर तिला द्या.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस त्याला दोन वर्षं झाली. त्याबद्दल मी काही बोलत नाही. इथे मेसमध्ये लवू म्हणून एक आहे, सावंतवाडीकडचा, चपात्या लाटतो. तो म्हणाला, पत्र लिही, पत्राला कोण ब्लॉक करत नाही. म्हणून वही आणली. नववीत नापास झाल्यापासून एवढं सलग पहिल्यांदाच लिहितोय, तेव्हा चुका काढत बसू नकोस. तुला सवय आहे म्हणून सांगितलं.

माझं बरं चाललंय. तेलाच्या टाक्यांना परांची बांधायचं काम आहे. पाइप वर चढवायचे, नट आवळायचे, खाली उतरायचं, दुसऱ्या टाकीला परत तेच. मी एका कामावर टिकत नाही हे तुला काय सांगायचं. झेरॉक्सवाला सोडला, कुरिअर सोडलं, हिंदमाताला साड्यांच्या घड्या घातल्या तिथून तर तिसऱ्या दिवशी पळालो. इथून पळता येत नाही. पासपोर्ट कंपनीकडे आहे आणि तिन्ही बाजूंनी वाळू आहे. त्यामुळे टिकलो.

आता मुद्द्याचं. आईने सांगितलं, तुझ्या अक्षदाला परळच्या त्या मोठ्या दवाखान्यात पुन्हा नेलं होतं. मार्चच्या अठराला बाहेरून सर्जन येणार आहेत. तेच ऑपरेशन, ऐकू यावं म्हणून मेंदूच्या बुडाशी पट्टी ठेवायचं, आता तरी करण्यात अर्थ आहे का ते बघणार आहेत. सात वर्षांची झाली म्हणजे उशीर झालाय, पण एकदम नाही असं कोणी म्हटलेलं नाही. असं आई म्हणते.

आणि तू म्हणे डॉक्टरांना दादरच्या हॉलमधला तो व्हिडिओ दाखवलास. अजून ठेवलायस? मला वाटलं होतं सगळ्यात आधी तू तोच उडवला असशील.

डॉक्टरांनी विचारलं की ही खरोखर आवाजाला वळली होती का. तू ते आईला माझ्याकडून विचारून घ्यायला सांगितलंस. ताई, व्हिडिओत दिसतंय ना सगळं. अक्षदा पाठमोरी उभी आहे, मी मागून पत्र्याचा डबा वाजवतो, ती वळते आणि हसते. सगळा हॉल टाळ्या वाजवतो. मी त्यात वेगळं काय सांगू?

तिचे पुढचे दात आले का? आईने पाठवलेल्या फोटोत तिने तोंड मिटून घेतलं होतं.

धनेश


२३ फेब्रुवारी २०२५

ताई,

मागचं पत्र अजून टाकलं नाही. बाजारात जायला कॅम्पची गाडी शुक्रवारीच असते आणि दोन्ही शुक्रवार मी झोपून काढले.

काल आईचा फोन आला. आधी नेहमीचं. जेवलंस काय, पाणी गोडं मिळतं काय, केस कापलंस काय. मग एकदम आवाज बारीक. म्हणजे तू आतल्या खोलीत असणार.

"खरां सांग रे झिला. त्या दिसा चेडू ऐकान वळलां मा?"

पोर ऐकूनच वळली ना, हे तिला हवं होतं. मी म्हटलं, "हो."

"देवाशप्पथ?"

"अगं हो म्हटलं ना, आई."

ती रडायलाच लागली. आनंदाने. मागे वळून कोणाला तरी ओरडून सांगितलं, "ऐकान वळलां, धनेश सांगता!" ती तू होतीस का?

मग तिने मला समजावलं, तिच्या भाषेत. डोक्याच्या फोटोत कानाची नस दिसत नाही, पण केसाएवढी असली तर फोटोत येत नाही. चार वर्षांची असताना तिच्या डोक्यात जराजरी आवाज गेला असेल, तर ऐकायची जागा एकदा जागी झालेली असणार, मग आता पट्टी टाकली तर उपयोग होईल. आणि कधीच काही गेलं नसेल, तर सात वर्षांच्या पोरीची कवटी उघडून हातात फक्त चक्कर आणि गुणगुण. म्हणून ते विचारतायत. म्हणजे माझ्या एका 'हो'वर आहे सगळं.

तू मला तेव्हाही विचारलं नव्हतंस की मी त्या विनीत सरांच्या क्लासमध्ये गेलोच कसा. नुसतं म्हणालीस, "तुला माझीच पोर मिळाली?" आज सांगतो.

हिंदमाताला साडीच्या दुकानाच्या वर पहिल्या मजल्यावर त्यांचा क्लास होता. मी कुरिअर द्यायला गेलो होतो. आत दहा-बारा पोरं डोळ्यांना काळी पट्टी बांधून बसलेली आणि हाताने चाचपून रंग ओळखत होती. लाल, पिवळा, हिरवा. सर म्हणाले, माणूस मेंदूचा दहावा हिस्सा वापरतो, बाकी नव्वद टक्के झोपलेला आहे. आम्ही फक्त हाक मारतो.

ताई, मी तिथे सही घ्यायचं विसरलो. तुला माहीत आहे शाळेत मला काय म्हणायचे. पाटीलबाई तर म्हणायच्या, याच्या डोक्यात कांदे-बटाटे भरलेत. आणि इथे एक शिकलेला माणूस म्हणतोय की भरलेलं काही नाही, नुसतं झोपलंय. मला ते खरं असायला पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी कुरिअर सोडलं आणि त्यांच्याकडे खुर्च्या लावायला राहिलो. महिन्याभरात पट्ट्या बांधायचं काम माझ्याकडे आलं. पोरांच्या आया मला धनेश सर म्हणायच्या. मला! आपल्या चाळीत मला धन्या सोडून कोणी हाक मारली नव्हती.

डोळ्यांवरच्या पट्टीचं पण सांगून टाकतो. नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते. मान जरा वर केली की हातातला कागद दिसतो. पोरांना ते दहा मिनिटांत कळतं, आणि आई-बाबा समोर एवढे खूश बसलेले असतात की कोण कशाला बोलेल? मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी पण नाही बोललो. विनीत सर म्हणायचे, आधी ढोंग करतात, मग खरंच येतं, सायकल शिकताना आपण मागून धरतो तसं.

पण अक्षदाचं वेगळं होतं. तिला कोणी पट्टी बांधली नव्हती.

झोप येतेय. बाकीचं नंतर.

धनेश


८ मार्च २०२५

ताई,

लवू शिमग्याला गावी चाललाय. उद्याच्या विमानाने मुंबईत उतरेल आणि आधी लालबागला येऊन हे तुझ्या हातात देईल, भावोजींच्या नाही. मी त्याच्याकडून शपथ घेतलीय. आधीची दोन पत्रं माझ्याकडेच पडून होती. तिन्ही एकत्र पाठवतोय. फाडणार होतो, पण पहिल्या दोनांत मी कसा वळसे घेतोय ते तुला दिसू दे.

इथे रोजे चालू आहेत म्हणून एक वाजताच काम बंद होतं. अख्खी दुपार रिकामी. तीन दुपारी वही उघडून बंद केली.

आपल्या खोलीच्या खाली सुभद्राकाकूचं मसाला कांडायचं मशीन आहे. मार्च-एप्रिलला ते सुरू झालं की भांडी फळीवर थरथरतात. अक्षदा आठ महिन्यांची होती तेव्हापासून मशीन चालू झालं की मान वळवायची. आपण सगळे म्हणायचो, बघा, किती तिखट कान आहेत. आरतीला ढोल वाजला की नाचायची. म्हणून तर तिला ऐकू येत नाही हे कळायला आपल्याला तीन वर्षं लागली. दुसऱ्या कुठल्या घरात सहा महिन्यांत कळलं असतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "घराखाली काही मशीन वगैरे आहे का?" तू घरी येऊन जमिनीला हात लावून बसली होतीस. मी दारात होतो. मशीन चालू होतं, जमीन थरथरत होती.

ते मला आठवत होतं. कल्पना मला तिथूनच आली.

ती चार वर्षांची झाली तेव्हा ऑपरेशनला एप्रिलची तारीख मिळाली होती. बेड मिळाला होता, ट्रस्टची चिठ्ठी मिळाली होती. आणि तू रात्रंदिवस एकच म्हणायचीस, कवटी उघडणार रे तिची. मी म्हटलं, ताई, एकदा सरांना तर दाखव. सर म्हणाले, देवाने मेंदू दिलाय त्यात तार कशाला घालता, महिनाभर द्या मला. डॉक्टरीणबाईंनी तुला सांगितलं होतं की मेंदूत रिकामी जागा राहत नाही, कान आले नाहीत की डोळे आणि हात तिथे बिऱ्हाड करतात, म्हणून लवकर करायचं. ते मी सरांना जाऊन सांगितलं. ते हसले, मी पण हसलो.

महिन्यात काही झालं नाही. होणार काय होतं? हॉल बुक झाला होता, तीनशे माणसं येणार होती, आणि बोर्डावर लिहिलं होतं की जन्मतः बहिरी मुलगी ऐकणार. आदल्या दिवशी रिकाम्या हॉलमध्ये मी डबा वाजवला, सहा वेळा. ती पुढे बघून फ्रॉकची लेस कुरतडत होती. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "उद्या जमवायचं ना, धनेश सर?"

तो लग्नाचा हॉल होता. स्टेज लाकडी, आतून पोकळ.

घरी मी तिला हाक कशी मारायचो ते आठवतं तुला? टाच आपटायचो. दोनदा. धप धप. आणि ती जिथे असेल तिथून वळायची, कारण तसं फक्त मामाच करायचा. मग मी तोंड वाकडं करायचो आणि ती हसायची. आमचा खेळ होता.

कॅमेरा माझे पाय दिसणार नाहीत असा लावला होता. मी डबा दोनदा वाजवला आणि दोन्ही वेळा टाच आपटली. ती वळली. डब्याला नाही वळली. मामाने हाक मारली म्हणून वळली. हसली पण म्हणूनच. मी तोंड वाकडं करीन म्हणून ती थांबली होती. व्हिडिओ परत बघ. ती टाळ्यांकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघतेय, आणि मी समोर लोकांकडे बघतोय.

तिसऱ्या दिवशी तू दवाखान्यात जाऊन नको म्हणून लिहून दिलंस. मी तुझ्याबरोबर होतो. पेन माझं होतं.

आणि एक. सर म्हणाले होते की हाताने खाणाखुणा करू देऊ नका, हात बंद केले की तोंड उघडेल. म्हणून तिला खुणांच्या शाळेतून काढायला मी लावलं. आईला मीच शिकवलं, हात हलवला की चापट मार म्हणून. सप्टेंबरात क्लासला कुलूप लागलं, सरांचा फोन बंद झाला, पण आईची चापट चालूच आहे असं परवा कळलं. तीन वर्षं त्या पोरीकडे तोंडाची भाषा नाही आणि हाताचीही नाही. ऑपरेशनचं मी बिघडवलं ते एक. हे त्याहून मोठं आहे असं मला आता वाटतं, मला बरोबर मांडता येत नाही.

आईला फोनवर सांगायला एक मिनिट लागलं असतं. चारदा लावला. ती विचारते, जेवलंस काय, आणि माझं तोंड चालत नाही. मी हो म्हटलं त्या दिवशी तिने गणपतीपुढे नारळ ठेवला असं म्हणाली. तुला लिहिणं त्यातल्या त्यात जमलं.

डॉक्टरांना हे सगळं रडगाणं दाखवू नकोस. वेगळा कागद जोडलाय. त्यावर एकच वाक्य आहे, की वीस मार्च दोन हजार बावीसला मी लाकडी स्टेजवर पाय आपटला होता, म्हणून मुलगी वळली, आवाजामुळे नाही. खाली सही, पूर्ण नाव, पासपोर्ट नंबर, आणि लवूची साक्षीदार म्हणून. त्याला पण सगळं सांगावं लागलं. त्याने सही केली आणि तेव्हापासून माझ्याशी बोलला नाही. पत्र मात्र नेतोय.

हा कागद दिलास तर ते नाही म्हणतील. मला माहीत आहे मी तुझ्या हातात काय देतोय. नाही दिलास तर तिचं डोकं उघडतील आणि आत काही मिळणार नाही. दुसरा काही रस्ता असता तर मी तोच लिहिला असता, खोटा असता तरी.

धनेश


२० एप्रिल २०२५

ताई,

लवू परत आला. तुझी चिठ्ठी दिली. ती घडी करून मी पाकिटात ठेवलीय, पण पाठच झालीय, तीनच तर ओळी आहेत.

कागद दिला. नाही म्हणाले.
अक्षदाला जूनपासून खुणांच्या शाळेत परत घालतेय, बाई म्हणाल्या की त्यालाही आता उशीर झालाय, बघू.
स्टेज हलला होता ते मला तेव्हाच कळलं होतं, मी पण स्टेजवर उभी होते.

तिसरी ओळ मी दहा-वीस वेळा वाचली. आधी वाटलं तू मला वाचवायला लिहिलंस. मग वाटलं, तू तसं कधी करत नाहीस. आपण चोरून कैऱ्या आणल्या होत्या तेव्हाही तू आईला सरळ माझं नाव सांगितलं होतंस.

म्हणजे तुला ठाऊक होतं. आणि तरी तू सही केलीस. आणि तरी तो व्हिडिओ तीन वर्षं ठेवलास, आणि डॉक्टरांपुढे धरलास, आणि मला विचारायला लावलंस. मी हो म्हणावं म्हणून का नाही म्हणावं म्हणून, ते मी विचारणार नाही. तू किती घाबरली होतीस ते मी बघितलं होतं. तिच्या केसांतून हात फिरवायचीस आणि मध्येच थांबायचीस, जिथे ते कापणार होते तिथे. तुला कोणीतरी नको म्हणायला पाहिजे होतं. मी आयताच मिळालो.

मला वाटलं होतं हे कळल्यावर मला हलकं वाटेल. अर्धं ओझं तुझ्याकडे गेलं असं वाटेल. तसं काही झालं नाही. आता दोघांकडे पूर्ण-पूर्ण आहे एवढंच. लवूला सांगितलं नाही. तो आता बोलायला लागलाय, म्हणून नाही सांगितलं.

तू ब्लॉक काढ असं मी म्हणत नाही.

काल आईला व्हिडिओ कॉल केला होता. तू घरात नव्हतीस, भावोजींबरोबर शाळेचा फॉर्म आणायला गेली होतीस असं आई म्हणाली. आईने फोन अक्षदासमोर धरला. किती उंच झाली गं. पुढचे दात आलेत, जरा फाकलेत, माझ्यासारखे. तिने मला ओळखलं की नाही कळलं नाही. मला वाटलं ओळखलं. फोनच्या एकदम जवळ आली, मग जरा मागे गेली, आणि हाताने काहीतरी सांगायला लागली. शाळेतलं नाही, तिचं तिनेच केलेलं असणार. दोन बोटं हनुवटीला लावली, मग तळहात उलटा केला, मग माझ्याकडे बोट दाखवलं, आणि पुढचं करणार एवढ्यात आईने सवयीने तिच्या हातावर फटकन चापट मारली.

मी इथून ओरडलो, "आई, मारू नको तिला!" एवढ्या मोठ्याने ओरडलो की बाजूच्या खाटेवरचा नेपाळी उठून बसला.

अक्षदाला दिसलं ते फक्त माझं तोंड. तिला वाटलं मी तिच्यावरच ओरडलो. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि फोनसमोरून निघून गेली.

धनेश